शिकविले किती, लागले किती?

आमच्या चांदूर रेल्वे तालुक्यात २०१५ सालापासून 'कौशल्य' या शब्दाचा जेवढा वर्षाव झाला, तेवढा मृगाचा झाला असता तर दुबार पेरणीची पाळी कोणावरही आली नसती. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. त्याच साली ऑक्टोबरात महाराष्ट्रात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली व लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागले. फलक लागले, फिती कापल्या गेल्या, फोटो निघाले, आणि प्रत्येक वेळी एकच आकडा मोठ्याने वाचला गेला, तो म्हणजे इतक्या जणांना शिकविले. पण ज्याचा लेक शिकून, प्रमाणपत्र घेऊन, पारावर येऊन बसला आहे त्या कुणब्याला, माळ्याला, तेल्याला, धनगराला, बौद्ध मजुराला दुसराच आकडा हवा आहे. शिकलेल्यांपैकी कामाला लागले किती, आणि वर्ष उलटल्यावर कामावर टिकले किती? हे मात्र कोणी सांगत नाही. गाय दूध किती देते असे विचारावे आणि धन्याने तिच्या शिंगांची लांबी सांगावी, त्यातला हा प्रकार होय.

प्रश्न विचारणारा इसम हा कौशल्याचा वैरी, अशी एक नवी बोली हल्ली ऐकू येते. तिचा समाचार आधीच घेतलेला बरा. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन दिले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते व तीतून वरच्या वर्गांच्या पोरांचे कॉलेज चालते, हा त्यातील मुख्य आक्षेप. पण जोतीराव नुसता आक्षेप घेऊन थांबले नाहीत. गावच्या शाळेत मोडी व बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, आणि मास्तर शक्यतो शेतकरीवर्गातला असावा, ज्याला प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांनी मागितले होते. म्हणजे हाताच्या विद्येची मागणी या चळवळीने मंत्रालयाच्याही पुष्कळ आधी केलेली आहे. त्या ५११ केंद्रांचे उद्घाटनही १९ ऑक्टोबरलाच, २०२३ साली झाले. तारीख ठरविणारांच्या ध्यानीमनीही हे नसावे. परंतु योगायोग घडलाच आहे तर जोतीरावांची हिशेबाची रीतही उचलावी. पैसा कोणाचा, पोर कोणाचे, आणि पदरात काय पडले, एवढीच ती रीत.

प्रथम युवा कार्यप्रशिक्षणाचा हिशेब पाहू. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराने सहा महिने एखाद्या कारखान्यात, दुकानात किंवा सरकारी कार्यालयात काम करीत शिकायचे. बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन सरकारने थेट खात्यात टाकायचे. वर्षाला दहा लाख तरुण असा संकल्प होता. आता पाटी घ्या. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर ६,००० रुपयांचे दिवसाला सुमारे २३० रुपये होतात. त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ साली, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. बारा इयत्ता शिकलेला पुतण्या तहसिलीत कागद लावतो तो २३० रुपयांवर, आणि त्याचा निरक्षर चुलता शेततळे खोदतो तो २९७ रुपयांवर. आयटीआयमध्ये वर्ष दोन वर्षे लोखंड घासून आलेल्या पोराचे ३०७ होतात, म्हणजे मातीकामापेक्षा दहा रुपये अधिक! खोदकामाला आम्ही मुळीच कमी लेखत नाही. २९७ रुपये हादेखील घामाचा पुरा मोबदला नव्हे. पण शिक्षणाची किंमत सरकारनेच अशी लावली, तर 'शीक बाबा' असे पोरांना कोणत्या तोंडाने सांगावे, हे आम्हा मास्तरांना तरी कळत नाही.

कोणी म्हणेल, हे वेतन नव्हे, विद्यावेतन आहे. तो शिकतो आहे. ठीक. मग तो काय शिकतो ते पाहिले पाहिजे. खाजगी कारखाने या बाजूला थोडे, त्यामुळे खेड्यातील पोरांचा ओढा ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, तहसील यांकडे राहिला. सरकारी कार्यालयांना मंजूर पदांच्या पाच टक्के प्रशिक्षणार्थी घेण्याची मुभा होती. मंजूर पदांचा हा उल्लेख बोलका आहे. ज्या खात्यात पदे भरलेली असतात, तेथे शिकाऊ माणूस जाणत्याच्या हाताखाली बसून शिकतो. ज्या खात्यात खुर्ची रिकामी असते, तेथे त्याला शिकविणार कोण? तो रिकाम्या खुर्चीत बसतो व ज्याची त्याने कधी परीक्षा दिली नाही ते काम रेटतो. शाळांतून आम्ही हे जवळून पाहिले आहे. डी.एड. झालेली मुले-मुली प्रशिक्षणार्थी म्हणून आली, जेथे मास्तर कमी तेथे त्यांनी वर्ग सांभाळले, लेकरांना त्यांचा लळा लागला, आणि मुदत संपताच एके दिवशी ती यावयाची थांबली. लेकरे विचारतात, बाई का येत नाहीत? गरज शाळेची, पात्रता त्या बाईची, जागा सरकारची, आणि तिघांची गाठ अकरा महिन्यांच्या वर टिकू द्यावयाची नाही, याला प्रशिक्षण म्हणणे म्हणजे फाटक्या कनातीला मांडव म्हणण्यासारखे आहे.

अकरा महिने म्हणण्याचे कारण असे की, सहा महिन्यांची मुदत संपू लागली तेव्हा ओरड झाली, आणि २०२५ साली ती पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. बाराव्या महिन्यात काय, हे त्या कागदात नव्हते. म्हणून २०२५ सालभर राज्यात ठिकठिकाणी प्रशिक्षणार्थ्यांना उपोषणे व मोर्चे काढावे लागले. त्यांना उत्तर मिळे की, योजनेत कायम करण्याचा शब्द कोठेही नाही. खरे आहे, नाहीच. उलट मूळ निर्णयातच लिहिले होते की किमान वेतन, राज्य विमा, भविष्यनिर्वाह निधी यांचे कायदे या उमेदवारांना लागू नाहीत. आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. त्याची स्थिती काही हेवा करण्याजोगी नाही, तरी साल किती, उचल किती, धान्य किती, हे चारचौघांत ठरते आणि त्याने एका धन्याकडे काम केले ही गोष्ट पुढच्या धन्यापाशी त्याच्या उपयोगी पडते. या सुशिक्षित सालदाराचे अकरा महिने मात्र कोणत्याही भरतीत धड मोजले जात नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. त्या सगळ्या लढ्याचा पाया एवढाच होता की, जो राबतो तो कामगार आहे हे आधी कबूल करा. सव्वाशे वर्षांनी युक्ती निघाली ती अशी की, त्याला कामगार म्हणूच नका, प्रशिक्षणार्थी म्हणा. नाव बदलले की कायदा दाराबाहेर राहतो.

यात एक बाजू चांगली आहे व ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जी मुलगी शिकली पण जिला घरचे पुण्या-नागपुरास धाडणार नाहीत, तिला गावातच खुर्चीवर बसून काम करावयास मिळाले, तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे आले, सरपंचाशी व साहेबांशी बोलण्याची भीड चेपली. कित्येक घरांत त्या सहा हजारांनी खताची उधारी फिटली असेल. पैसा थेट खात्यात, मध्ये कोणी हात ओला करणारा नाही, हेही योग्यच झाले. म्हणूनच आम्ही योजना बुडवा असे म्हणत नाही. ज्या झाडाला फळ धरण्याची शक्यता आहे, त्यालाच खतपाणी विचारपूर्वक घालावयाचे असते.

आता केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेकडे वळू. तेथे मध्ये हात आहेत. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला तो देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणून. आज हात आणि काम यांच्यामध्ये दलाल उभा राहिला आहे. त्याचे नाव प्रशिक्षण संस्था. पोथी गेली, प्रमाणपत्र आले. दक्षिणा मात्र डोक्याप्रमाणे चालूच आहे. हे आम्ही आकसाने लिहीत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेवरील अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. २०१५ ते २०२२ या काळातील तीन फेऱ्यांची त्यात तपासणी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९० लाखांहून अधिकांच्या नावापुढे बँक खात्याचा रकाना कोरा, शून्याने भरलेला किंवा निरर्थक आढळला. एकच फोटो अनेक उमेदवारांच्या नावावर वापरल्याचे आढळले. ज्यांना थोड्या मुदतीचे प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रे दिली, त्यांपैकी कामाला लागल्याची नोंद शंभरात ४१ जणांची. आणि रकाने असे भरले गेले असताना त्या ४१ वर तरी किती भिस्त ठेवावी, ज्याचे त्याने ठरवावे.

गावच्या शाळेत एका लेकराच्या आधार कार्डावर नावाची वेलांटी चुकली तर ते लेकरू संचमान्यतेत धरले जात नाही, आणि अशी चार लेकरे निघाली तर मास्तराचे पद जाते. वर्गात हाडामांसाचे लेकरू बसलेले असते, फळ्यावरचे वाचत असते, पण कागदावर ते नाही! आणि इकडे कागदावर लाखो माणसे शिकून गेली, त्यांचे खाते नाही, ठिकाणा नाही, फोटो दुसऱ्याचा, तरी संस्थेची बिले निघाली. रयतेच्या शाळेला एक न्याय आणि ठेकेदाराच्या वर्गाला दुसरा, हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो?

यावर कडी पुढेच आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत निदान किती जण कामाला लागले याचा मागोवा ठेवला जात असे. चौथ्या फेरीत तो ठेवणेच सोडून दिले. संसदेत सरकारचे उत्तर असे की, आता उमेदवाराला आपली वाट आपण निवडण्यास समर्थ करण्यावर भर आहे. भाषा फार गोड आहे. तापमापकात ताप दिसतो म्हणून तापमापकच खिडकीबाहेर टाकला, एवढाच आमच्या गावठी बुद्धीला तिचा अर्थ लागतो.

विश्वकर्मा योजनेबद्दल थोडक्यात लिहितो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, टोपल्या विणणारे असे अठरा व्यवसाय तीत आहेत. दिवसाला ५०० रुपये देऊन काही दिवसांचे प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये व पाच टक्के व्याजाने आधी एक व मग दोन लाखांचे कर्ज. जो आज हातोडा मारीत आहे त्याला हे उपयोगी आहे, त्याने ते जरूर घ्यावे, सावकाराच्या दारापेक्षा हे दार बरे. पण ही यादी वाचताना बारा बलुत्यांची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा. मद्रासेत १९५३ साली राजगोपालाचारी यांनी मुलांनी अर्धा दिवस शाळा व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली होती. पेरियारांच्या लोकांनी रान उठविले व १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. लोहाराच्या हाताला चांगला ऐरण मिळावा यात दोन मते नाहीत. मात्र लोहाराच्या पोरीला इंजिनियरिंगची जागा मिळावी म्हणून त्याच उत्साहाने कर्ज, त्याच घाईने फोटो का नाही, हे विचारण्याचा आमचा हक्क त्या पंधरा हजारांत विकला गेलेला नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण खरी मेख येथे आहे. चांदूरवरून १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी गेली ती या काळ्या जमिनीतील कापसासाठी. गाडी आली, जिन-प्रेस आले, गाठी मुंबईस व तेथून विलायतेस गेल्या. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई व बाकीची बहुतेक सरकी निघते; रुई सूत होण्यास बाहेर जाते, सरकी तेल होण्यास जाते, आणि ढेप आपण गुराढोरांसाठी विकत आणतो. दीडशे वर्षांत कापूस पिकविणाराच्या पोराला सुताचे, रंगाचे, विणकामाचे शास्त्र शिकविण्याची बुद्धी किती कारभाऱ्यांना झाली? अचलपुरात फिनले गिरणी आली होती, ती २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या सभेतून अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या हजार एकरांवरील मित्रा वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. चांगली गोष्ट. आमच्या पोरांना चाकण-रांजणगावच्या गाड्या धरावयास लागू नयेत असे कोणाला वाटणार नाही! पण तेथे यंत्र चालविणारा, यंत्र बिघडले तर उघडणारा, रंगाचे रसायन जाणणारा माणूस कोठून येणार हे आजच ठरते. आमच्या तालुक्यातून तेथे फाटकावरचा रखवालदार व गाठी वाहणारा हमाल एवढेच जावयाचे असतील, तर त्यासाठी कौशल्य केंद्राची गरज नाही. तेवढे कौशल्य आमच्या बापजाद्यांपाशी होतेच.

तेव्हा येथे काय शिकवावे हे मुंबईच्या यादीवरून ठरविण्याऐवजी पंचक्रोशीत फिरून ठरवावे. हंगामात जिन चालते तेव्हा चांगला जिन-फिटर शोधावा लागतो. मळणीयंत्र, ट्रॅक्टर, मोटारपंप यांचे काम ऐन घाईत अडते. शिवारात सौर पंप बसत आहेत, त्यांची दुरुस्ती करणारा माणूस त्याच तालुक्यातला का नसावा? तुरीची डाळ येथेच का भरडली जाऊ नये, आणि डाळ-मिलचे यंत्र येथल्याच पोरीने का चालवू नये? या कामांना गिऱ्हाईक वेशीत उभे आहे. छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढावयास लावले आणि स्वतः लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेतला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यातील मर्म असे की, दुकान काढून देणे सोपे, गिऱ्हाईक होऊन जाणे हे खरे साहाय्य. जो नुसता शिकवितो व पुढे विकत घेणारा कोण हे पाहात नाही, तो अर्धेच काम करतो. १९०२ साली महाराजांनी मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या त्या नोकरीत राखल्या, उमेदवारीत नव्हे.

शिवाय शिकण्याच्या जागी पोचावे कसे, याचा विचार योजना आखणारे क्वचितच करतात. वर्ग तालुक्याला किंवा अमरावतीला, एस.टी. दिवसाकाठी दोन, शेवटची चुकली तर मुलीने जावे कोठे? आमच्या शेजारच्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत शाळा-कॉलेजांच्या जोडीने वसतिगृह काढले, सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. १९३२ साली उभी केलेली त्यांची शिवाजी शिक्षण संस्था खेड्यांत फोफावली ती या दूरदृष्टीमुळे. कुणब्याचे पोर बुद्धीने मागे नसते, ते भाड्याने आणि भाकरीने मागे पडते हे त्यांना कळले होते. आज प्रशिक्षणावर जो खर्च होतो त्यातून तालुक्याला मुलींचे एक वसतिगृह व सकाळ-संध्याकाळची एक ठराविक बस निघाली, तर निम्म्या गळतीचा बंदोबस्त होईल असे आम्हाला वाटते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. लेकरू कधी आले, कधी गेले, का गेले, कोठे गेले, हे त्यात शाईने लिहावे लागते व साहेब आले की प्रथम तेच मागतात. तसेच रजिस्टर चांदूर तालुक्यातील प्रत्येक प्रशिक्षण वर्गाचे व प्रत्येक कार्यप्रशिक्षणार्थीचे ठेवावे. उमेदवार कोणत्या गावचा, काय शिकला, सहा महिन्यांनी कोठे, वर्षाने कोठे, मजुरी किती, सोडले असल्यास कारण काय. संस्थेच्या बिलाचा मोठा हिस्सा वर्षाच्या नोंदीनंतरच द्यावा. सरकारी खात्यात ज्यांनी अकरा महिने काढले त्यांचे ते दिवस पुढील भरतीत अनुभव म्हणून धरावेत, आणि जेथे पद मंजूर व रिकामे आहे तेथे प्रशिक्षणार्थी बसविण्याआधी ते पद भरण्याची जाहिरात निघावी. विद्यावेतन रोजगार हमीच्या दराखाली कदापि असू नये. यासाठी समिती नेमण्याचे कारण नाही, वजाबाकी येणारा कारकून पुरे.

हे रजिस्टर वर बसलेले लोक आपणहून काढतील अशी आशा आम्ही ठेवीत नाही. ग्रामसभा आपल्या हाती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ती भरते. पुढच्या सभेत गावातील चार आईबापांनी उठून लेखी अर्ज द्यावा की, आमच्या गावची किती मुले-मुली या चार योजनांत शिकली, त्यांतील किती आज कामावर आहेत, हे नावानिशी नको, आकड्यांनी सांगा. अर्जाची पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. तो लिहून देण्यास गावातला मास्तर किंवा एखादा प्रशिक्षणार्थीच बसेल, त्याला अर्ज लिहिण्याचा सराव झालेलाच आहे. ज्या गावाचे आकडे येतील ते या पत्रात गावाच्या नावासह छापू. ज्या गावाला माहिती उपलब्ध नाही असे उत्तर मिळेल, त्याचे ते उत्तर तारखेसह छापू.